कॉम्प्युटरकडून इंग्रजी लिहून घेणारं व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा बाजारभावाचा कागद दर आठवड्याला इंग्रजीत निघतो. कोइम्बतूरच्या सूतगिरण्यांना मराठी वाचता येत नाही, हिंदीचंही जेमतेमच. पण कागद लिहायला कोणी इंग्रजीचा माणूस ठेवलेला नाही. यार्डातले आकडे आत जातात, वाक्यं बाहेर येतात. त्यावर सभासद, त्यांची कॉलेजात जाणारी पोरं, शाळेतले मास्तर असे सगळेच काही ना काही विचारत असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे कोणाचं अडायला नको.

शाळेत शिकलो ते व्याकरण आणि हे व्याकरण एकच का?

माल तोच, दिशा उलटी. शाळेत वाक्य फळ्यावर लिहिलेलं असतं आणि आपण काळ ओळखा, प्रयोग ओळखा असं करत बसतो. इथे वाक्य नसतंच. काय सांगायचं आहे ते हातात असतं, आणि कोणता काळ, कोणता प्रयोग, कोणता शब्द आधी, हे ठरवत ठरवत वाक्यापर्यंत पोचायचं असतं. ओळखणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात, लिहिणाऱ्याला जनरेटर.

दोघांची डोकेदुखी वेगळी. पार्सरपुढे एका वाक्याचे चार अर्थ उभे राहतात आणि त्यातला खरा कोणता ते त्याला कळत नाही. जनरेटरकडे अर्थ एकच असतो, पण तो सांगायच्या दहा तऱ्हा असतात आणि दहाही बरोबर असतात. "कॉटन प्राइसेस रोज", "द प्राइस ऑफ कॉटन वेंट अप", "देअर वॉज अ राइज इन कॉटन प्राइसेस". परीक्षेत तिघांनाही पूर्ण मार्क. जनरेटरला मात्र त्यातलं एकच उचलायचं असतं आणि उचलायला कारण लागतं. या विषयातली खरी मेहनत ती कारणं शोधण्यात जाते.

रिकाम्या जागा सोडलेला साचा करून त्यात आकडे भरले तर भागत नाही का?

भागतं. आणि जिथे भागतं तिथे दुसरं काही करूच नये. दाखला, पावती, नोटीस असला ठरलेला नमुना असेल तर साचाच बरा.

भाव जागचा हलला नाही त्या दिवशी पंचाईत होते: "प्राइसेस रोज बाय रुपीज झिरो". त्यासाठी दुसरा साचा करा. भाव पडला तर तिसरा. एकच गाडी आली तर "वन ट्रक्स" छापून येऊ नये म्हणून आणखी एक. साचे बेरजेनं वाढत नाहीत, गुणाकारानं वाढतात. भावाच्या तीन दिशा, दोन वचनं, चार पिकं, हमीभावाच्या वर की खाली, एवढंच धरलं तरी ४८ साचे झाले. पाचवं पीक आलं की त्यात १२ वाढले. व्याकरण लिहायचं म्हणजे हे पर्याय एकमेकांपासून मोकळे करायचे: दिशा एकदा ठरवा, वचन एकदा ठरवा, पीक वाटेल ते येऊ द्या.

"व्याकरण प्रश्न विचारतं" असं तुम्ही सारखं म्हणता. म्हणजे काय?

कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये १९८० च्या सुमारास विल्यम मान आणि ख्रिश्चन मॅथिसन यांनी इंग्रजीचं एक मोठं व्याकरण कॉम्प्युटरसाठी बांधायला घेतलं. प्रकल्पाचं नाव पेनमन, व्याकरणाचं नायजेल. (भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी आपला मुलगा बोलायला कसा शिकला याचा बारकाईनं अभ्यास केला होता. त्या अभ्यासातल्या मुलाचं नावही नायजेलच.) पाया हॅलिडे यांच्या विचाराचा होता. त्यांच्या लेखी भाषा म्हणजे नियमांची यादी नव्हे, पर्यायांचं जाळं. वाक्य आज्ञार्थी की नाही? नसेल तर विधान की प्रश्न? होकार की नकार? एक फाटा धरला की पुढचे काही फाटे उघडतात, काही बंद होतात. इंग्रजीत आज्ञार्थ धरला की काळाचा प्रश्नच उरत नाही.

मान आणि मॅथिसन यांनी काय केलं, तर जाळ्यातल्या प्रत्येक फाट्यावर एक निवडणारा बसवला. हा निवडणारा मनानं काही ठरवत नाही, बाहेरच्या माहितीला विचारतो. ही घटना बोलण्याच्या वेळेआधीची आहे का? ही वस्तू एक की अनेक? यातली कोणती ते वाचणाऱ्याला ओळखता येईल का? उत्तर आलं की फाटा ठरला. असे शेकडो फाटे नायजेलमध्ये होते. व्याकरणाला कापूस माहीत नसतो, यार्ड माहीत नसतं, क्विंटल म्हणजे काय तेही नाही. काय विचारायचं एवढंच त्याला पक्कं माहीत असतं.

मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. इंग्रजी वाक्य लिहायला कोणती माहिती लागते याची यादी त्यातून आपोआप हाती येते, मग ती आपल्याकडे आहे का ते बघता येतं. आमच्या रजिस्टरात "मागच्या आठवड्याचा दर" हा रकाना त्यामुळेच वाढला. तुलनेला काही नसेल तर "रोज" (चढला) म्हणायचं की "फेल" (पडला), हे ठरणार कशावरून?

एक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा ना.

समजा अकोटच्या यार्डातली नोंद अशी: कापूस, मध्यम धागा, सर्वसाधारण दर ७,१५० रुपये क्विंटल, मागच्या आठवड्यात ७,०००. हे दर उदाहरणापुरते. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव मात्र खरा धरू: ७,७१०.

पहिल्यांदा काय सांगायचं ते ठरतं. भाव १५० रुपयांनी चढला, ही एक गोष्ट. तरी हमीभावाच्या ५६० रुपये खालीच आहे, ही दुसरी. आवक, किमान, कमाल हे तक्त्यात जातं, त्याला वाक्य लागत नाही. आता या दोन गोष्टींचं नातं काय? मध्ये "अँड" टाकलं तर दोन सुट्या बातम्या होतात. पण पहिली ऐकून माणसाला जे वाटेल, त्याला दुसरी आडवी जाते. मजकुरातल्या असल्या नात्यांची मांडणी मान आणि सँड्रा थॉम्पसन यांनी १९८८ मध्ये केली, रेटॉरिकल स्ट्रक्चर थिअरी या नावानं. आपलं नातं त्यातलं कन्सेशन, म्हणजे "असं असलं तरी"चं. ते "ऑल्दो"नं दाखवता येतं, "बट"नंही. आम्ही "बट" घेतो, वाक्य सुटसुटीत राहतं.

मग शब्द. ७,००० वर १५० म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणून नुसतं "रोज". दोन टक्क्यांच्या आत असतं तर "स्टेडी", पाचाच्या पुढे गेलं असतं तर "रोज शार्पली". या हद्दी इंग्रजी व्याकरणात कुठे लिहिलेल्या नाहीत. त्या संचालक मंडळाच्या बैठकीत ठरल्या, आणि "शार्पली" तीन टक्क्यांवर की पाचावर यावरून चहा गार होईस्तोवर वाद झाला. वाद रास्तच होता. तीन टक्क्यांवर "शार्पली" छापलं की गिरणीवाला घासाघीस करायला लागतो.

कर्ता "कॉटन प्राइसेस", अनेकवचनी. दुसऱ्या अर्ध्या भागातही कर्ता तोच, म्हणून तिथे तो गाळायचा. आपणही "भाव चढला, पण हमीभावाच्या खालीच राहिला" असंच म्हणतो, दुसऱ्यांदा "भाव" म्हणत नाही. "ॲट अकोट" पुढे ठेवायचं की मागे? कागद यार्डवार लावलेला असेल तर पुढे, पीकवार असेल तर मागे. वाक्याच्या तोंडाशी काय येतं याला हॅलिडे थीम म्हणतात आणि त्याला फार महत्त्व देतात.

सगळ्यात शेवटी रूपं. "राइज"चा भूतकाळ "राइझ्ड" होत नाही, "रोज" होतो. असली आडमुठी क्रियापदं इंग्रजीत दोनशेच्या आसपास आहेत, त्यांची यादीच करून ठेवावी लागते. "ड्रॉप"चं "ड्रॉप्ड" लिहिताना पी दोनदा येतो, "व्हिजिट"चं "व्हिजिटेड" लिहिताना टी एकदाच. पहिलं अक्षर कॅपिटल, स्वल्पविराम, पूर्णविराम. आणि निघालं:

"ॲट अकोट, कॉटन प्राइसेस रोज बाय रुपीज १५० टू रुपीज ७,१५० पर क्विंटल बट रिमेन्ड बिलो द मिनिमम सपोर्ट प्राइस."

आधी मजकूर, मग वाक्यांची आखणी, मग रूपं, हे तीन टप्पे एहुद राइटर आणि रॉबर्ट डेल या संशोधकांच्या मांडणीमुळे रूढ झाले. आम्हीही तेच पाळतो.

"अ", "ॲन", "द" यांचं गणित आजवर जमलं नाही. कॉम्प्युटरला कसं जमतं?

"अ" की "ॲन" हे सोपं. पुढच्या शब्दाचा उच्चार स्वरानं सुरू होतो का एवढंच बघायचं. अक्षर बघितलं तर फसगत होते: "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी". आकड्यांत तर आणखी मजा. "अ १० पर्सेंट राइज" पण "ॲन ८ पर्सेंट राइज", तसंच "ॲन ११" आणि "ॲन १८". ८० ते ८९ सगळे "ॲन", आणि ११० ला परत "अ", कारण त्याचा उच्चार "वन"नं सुरू होतो. हा नियम विसरलेले प्रोग्राम ओळखू येतात.

"द"चं दुखणं खोल आहे. तिथे प्रश्न शब्दाचा नसतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात काय आहे याचा असतो. "अ ट्रेडर फ्रॉम हिंगणघाट" असा व्यापारी एकदा आला की पुढच्या वाक्यात तो "द ट्रेडर". म्हणून प्रोग्रामला आतापर्यंत कोणाकोणाचा उल्लेख झाला याची वही ठेवावी लागते. मराठी रजिस्टरात "व्यापारी, हिंगणघाट" एवढीच नोंद असते, हा आधी आलेला की नवा ते कोणी लिहीत नाही. आपल्याला त्याची गरजच पडत नाही. इंग्रजीला पडते, म्हणून ती माहिती कुठून तरी आणून द्यावी लागते.

"कॉटन"ला तर "अ" लागतच नाही, ते मोजायचं नाम नाही. "ऑरेंज"ला "ॲन" लागतं. आवक म्हणजे "अराइव्हल्स", कायम अनेकवचनी, निदान बाजाराच्या इंग्रजीत तरी. हे सगळं शब्दकोशात प्रत्येक नामापुढे नोंदवायचं.

मराठीत वाक्य लिहून त्याचं सरळ भाषांतर का करत नाही?

मराठी वाक्यात मराठीला लागणारी माहिती भरलेली असते, इंग्रजीला लागणारी नसते. शेतकऱ्यानं कापूस विकला, तूर विकली, सोयाबीन विकलं. आपलं क्रियापद मालाच्या लिंगाप्रमाणे बदललं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी "सोल्ड", म्हणजे ती माहिती वाया गेली. "पाऊस आला" याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर वाचणारा हसेल. तिथे "इट रेन्ड" म्हणतात, आणि त्यातला "इट" म्हणजे कोण, याला उत्तर नाही. इंग्रजी विधानाला कर्ता लागतोच, म्हणून रिकामा का होईना बसवायचा. "शेतकऱ्याला पैसे मिळाले" यात शेतकरी कर्ता नाही. इंग्रजीत "द फार्मर रिसीव्ह्ड द मनी" म्हटलं की तो कर्ता होऊन बसतो.

म्हणून आत मराठी वाक्य टाकायचं नाही, अर्थ टाकायचा: घटना मिळणे, मिळालं ते पैसे, ज्याला मिळालं तो शेतकरी, काळ भूत. तिथून इंग्रजी आपल्या चालीनं निघते, आणि मराठीही.

हे पहिल्यांदा कोणी केलं?

मँचेस्टर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९५२ मध्ये प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्राम केला. शब्द चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचा, साचा ठरलेला. १९६१ मध्ये एमआयटीत व्हिक्टर इंग्वे यांनी लहान मुलांच्या गोष्टीतल्या वाक्यांवरून व्याकरण काढून त्यातून इंग्रजी वाक्यं पाडून दाखवली. व्याकरण चोख, अर्थ हरवलेला, कारण काय सांगायचं हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

आमच्या कामाचा खरा पूर्वज १९८३ चा. पिट्सबर्ग विद्यापीठात कॅरन कुकिक यांनी ॲना नावाचा प्रोग्राम केला. शेअर बाजाराचे दिवसभराचे आकडे घेऊन तो वर्तमानपत्री इंग्रजीत बाजाराचा अहवाल लिहायचा. शेअरच्या जागी कापूस टाका. पुढे कॅनडाच्या हवामान खात्यानं फॉग नावाचा प्रोग्राम वापरला, तो एकाच माहितीवरून इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये अंदाज लिहायचा.

संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वांत योग्य भाषा असं नासानं सांगितलंय ना?

नाही. नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित रिक ब्रिग्ज यांचा १९८५ मध्ये एका नियतकालिकात लेख आला होता, शास्त्रग्रंथांतल्या संस्कृतच्या अर्थविश्लेषणाबद्दल. लेख चांगला आहे, पण तो एका माणसाचा लेख, नासाचा ठराव नव्हे. पाणिनीची थोरवी सांगायला त्या वाट्सॲप फॉरवर्डची गरजही नाही. चार हजारांच्या आसपास सूत्रांत, क्रम आणि अपवाद यांची शिस्त पाळून, बरोबर रूपं तयार करणारी व्यवस्था त्यानं बांधली. जनरेटर हेच करतो.

"भाऊ, एवढं करण्यापेक्षा चॅटजीपीटीलेच काहून नाही सांगत?"

हा प्रश्न २०२२ च्या नोव्हेंबरनंतर, म्हणजे ते आल्यापासून, रोजचा झाला आहे. सांगतो की. पत्राचा मसुदा, गिरणीवाल्याला आभाराचा मेल, एकच गोष्ट पाच तऱ्हांनी कशी म्हणता येईल याचे नमुने, यासाठी आम्हीही वापरतो. त्याचं इंग्रजी आमच्या व्याकरणापेक्षा कितीतरी गोड.

भावाचा कागद त्याच्या हातात देत नाही. तिथे गोडव्याला किंमत नाही, तेच आकडे आले की तेच वाक्य यायला हवं. "स्टेडी" म्हणजे दोन टक्क्यांच्या आत, हे या आठवड्यातही खरं आणि पुढच्याही. आणि कोणी फोन करून "शार्पली का लिहिलं?" विचारलं तर नियमावर बोट ठेवून सांगता यायला पाहिजे. चॅटजीपीटीसारखं भाषेचं मोठं मॉडेल आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. "हमीभावाखाली" हा शब्दप्रयोग त्यानं भाव बघून केला की तसं वाचायची सवय म्हणून, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठाच्या अभ्यासातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. समुद्रावरच्या वाऱ्याचे अंदाज लिहिणारा प्रोग्राम करताना त्यांना आढळलं की "बाय इव्हिनिंग" हे शब्द एक हवामानतज्ज्ञ संध्याकाळी सहासाठी वापरतो, तर दुसरा मध्यरात्रीसाठी. प्रोग्रामनं शब्दांचा एकच अर्थ पाळला, आणि वाचणाऱ्यांना काही बाबतीत माणसानं लिहिलेल्यापेक्षा तो मजकूर बरा वाटला.

शिवाय आमचा प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवर चालतो. लाइन गेली, रेंज गेली तरी बॅटरीवर कागद निघतो. गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

आकडेच चुकीचे आले तर?

तर इंग्रजी अस्खलित आणि बातमी खोटी. लॉस एंजेलिस टाइम्सचा क्वेकबॉट भूकंपाच्या बातम्या आपोआप लिहितो. २०१७ च्या जूनमध्ये त्यानं सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी दिली. भूकंप १९२५ चा होता. सरकारी नोंद दुरुस्त करताना साल चुकलं आणि सूचना सुटली. व्याकरणाचा काही दोष नव्हता. म्हणून दर एका आठवड्यात पंधरा टक्क्यांहून जास्त हलला तर आमचा प्रोग्राम वाक्य लिहीतच नाही, माणसाला हाक मारतो.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं? पैसे पडतात का?

पैसे नाहीत. सिम्पल-एनएलजी नावाची जावा या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, ॲल्बर्ट गॅट आणि एहुद राइटर यांनी २००९ मध्ये मांडलेली. कर्ता, क्रियापद, कर्म, काळ द्या, ती वचन, रूपं, विरामचिन्हं सांभाळते. काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, हे मात्र तुमच्यावर. नायजेलसारखं खोल व्याकरण बघायचं असेल तर जॉन बेटमन यांनी पुढे वाढवलेलं केपीएमएल आहे, पण ते लिस्प या वेगळ्याच प्रोग्रामिंग भाषेत आहे. बीसीएच्या पोरांनी आधी सिम्पल-एनएलजीच घ्यावं.

माझं इंग्रजी कच्चं आहे. तरी जमेल?

जमेल, पण एकट्यानं नको. ज्याला यार्ड कळतं असा एक आणि ज्याला इंग्रजी कळतं असा एक, जोडी लागते. कच्च्या इंग्रजीचा एक फायदाही आहे. ज्याला इंग्रजी सवयीनं येते तो "द" का लावला हे सांगू शकत नाही. आपण का, का विचारत राहतो, आणि व्याकरणाला तेच "का" लागतं.

यातूनच मराठी कागदही निघेल का?

निघतो, पण फुकटात नाही. आर्ने रांटा यांचं ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क, १९९८ पासूनचं, याच कल्पनेवर उभं आहे: अर्थाचा सांगाडा एक, आणि प्रत्येक भाषेचं साकारण्याचं व्याकरण वेगळं. त्याच्या भाषासंग्रहात तीसहून जास्त भाषा आहेत, हिंदी, उर्दू, पंजाबी, नेपाळी धरून. हिंदीकडे बघत बघत मराठीचं काम सुरू करता येतं. मराठीला लिंगं तीन, हिंदीला दोन. शिवाय सामान्यरूप: अकोट, अकोटला, अकोटच्या इथवर ठीक, पण वर्धा म्हटलं की वर्ध्याला, पुसद मात्र पुसदला. गावांच्या नावांचीच एक वेगळी फाइल लागते.

आणि वऱ्हाडीत?

"भाव चढला, पन हमीभावाच्या खालीच हाये" एवढं आत्ताही काढता येईल. अस्सल वऱ्हाडी काढायचं तर बोलणाऱ्यांकडून ऐकून ऐकून लिहून घेतलेला मजकूर लागेल. कोणी जमवत असेल तर आमच्या ऑफिसात निरोप द्या.

सुरुवात कुठून करू?

कोडपासून नको. ज्या तऱ्हेचा कागद कॉम्प्युटरकडून लिहून घ्यायचा आहे, तसले माणसांनी लिहिलेले जुने कागद जमवा. काहीच नसेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला घ्या, त्यात आकडे आणि वाक्यं शेजारी शेजारी मिळतात. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलनं लिहा की हे कोणत्या आकड्यावरून आलं. ज्या वाक्याचा आकडा सापडत नाही ते बाजूला काढा, कारण ते कॉम्प्युटरला लिहिता येणार नाही. जे उरतील त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं एकच वाक्य निवडा. ते न चुकता निघेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. पहिली फाइल आमच्याकडे मागितली तर मिळेल, कापूस आणि तुरीपुरती.